पायी जंगलात जाताना आवाज न करणारे, परवडणारे कपडे कसे निवडावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कॅमेरा घेऊन पायी जंगलात जाता, तासन्‌तास एका जागी बसता, आणि नेमक्या क्षणी जॅकेट सळसळलं की प्राणी पसार होतो. शिकाऱ्यांसाठी म्हणून विकले जाणारे 'आवाज न करणारे' कपडे पाहिलेत, पण किंमत बघून मागे फिरलात. ते घ्यावेच लागतात का?

नाही घ्यावे लागत. मी बरीच वर्षं पायी फिरून प्राण्यांचे फोटो काढतो आणि माझ्या अंगावरचं एकही कापड शिकारीचं म्हणून विकलेलं नाही. मात्र कपड्यांकडे नीट लक्ष द्यायला मला एका पहाटेनं शिकवलं. ओढ्याकाठी झुडपाआड बसलो होतो. एक हरिणी पाडसाला घेऊन पाण्यावर आली, माझ्यापासून वीसेक पावलांवर. वारा तिच्याकडून माझ्याकडे वाहत होता, उजेड छान होता. कॅमेरा डोळ्याला लावायला हात उचलला आणि पावसाळी जॅकेटची बाही छातीला घासली. चार माणसांच्या खोलीत तो आवाज कुणाच्या कानावरही पडला नसता. तिथे मात्र पाडसाचे दोन्ही कान माझ्याकडे वळले, आणि दुसऱ्या क्षणी काठावर कुणी नव्हतं. फोटो गेल्याचं मला तितकं वाईट वाटलं नाही. तहानलेलं जनावर माझ्यामुळे पाणी न पिता गेलं, हे मात्र लागलं. तेव्हापासून कापड मी आधी कानाला लावतो, मग अंगाला.

कापडाचे आवाज दोन तऱ्हेचे असतात. एक घासण्याचा, सर्रर्र असा. घट्ट विणलेल्या गुळगुळीत नायलॉनचे धागे एकमेकांवरून सरकताना अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात, त्यातून तो निघतो. दुसरा दुमडण्याचा, चुरचुर असा. पाणी आत येऊ नये म्हणून कापडाला आतून पातळ थर दिलेला असतो; तो कागदासारखा मोडतो आणि प्रत्येक घडीला वाजतो. या दोन्हींवर उपाय एकच, तो म्हणजे कापडावरची लव. बारीक, मऊ, उभे तंतू एकमेकांना भिडले तर वाकतात, आपटत नाहीत, आणि जो थोडा आवाज होतो तो जागीच जिरवतात. घुबडाचं उडणं ऐकू येत नाही त्यामागेही हेच एक कारण आहे. घुबडाच्या उडण्याचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट ग्रॅहम यांनी १९३४ साली घुबडाच्या पंखाची तीन वैशिष्ट्यं सांगितली: पुढच्या कडेला फणीसारखे दाते, मागच्या कडेला झालर, आणि पिसांच्या वरच्या अंगाला मखमलीसारखी लव. पहिली दोन आपल्याला शिवून घेता येणार नाहीत, पण तिसरी कुठल्याही साध्या फ्लीसवर, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्यांच्या मऊ, लवदार, उबदार कापडावर असते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. माणसाला सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकन हरणाचे कान तपासले तेव्हा ते ५० हजारांच्याही पुढे ऐकत असल्याचं दिसलं. मांजर तर त्याहूनही वर जातं. नायलॉनच्या सरसरीत आपल्याला ऐकूच न येणारा बारीक आवाजही असतो. म्हणून 'मला फारसं ऐकू येत नाही, चालेल' असं म्हणू नका. कानाशी धरूनही जे कापड गप्प राहतं, तेच घ्या.

दुकानात पारख करायला एक मिनिट पुरतं. कापडाचा चिमटीएवढा भाग कानाशी नेऊन दोन बोटांत चोळा. मग त्यावरून नख ओढा. काटेरी फांदी बाहीवरून गेली तर काय ऐकू येईल ते तिथेच कळतं. मग मूठभर कापड चुरगाळून सोडा. यातून निभावलं तर अंगात घाला आणि दोन्ही हात कॅमेरा धरल्यासारखे वर न्या, उकिडवे बसा, उठा, चार पावलं चाला. काख, कोपराची आतली बाजू, दोन मांड्यांमधली जागा आणि गुडघ्यामागची घडी, या चार ठिकाणीच बहुतेक सगळा आवाज होतो. घरी आणलेला कपडा शंकास्पद वाटला तर बंद खोलीत फोनवर आवाज रेकॉर्ड करून ऐका. थंडीच्या जागी जाणार असाल तर कपडा अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि लगेच चोळून बघा. दुकानात गप्प असलेला आतला थर गारठ्यात कडक होऊन बोलायला लागतो, असं माझ्या एका जुन्या विंडचीटरनं मला दाखवलं.

आता कापडांबद्दल. कमी पैशात सगळ्यात चांगलं म्हणजे साधं फ्लीस. ओलं झालं तरी लवकर वाळतं, वजनाला हलकं असतं, आणि जुनं वापरलेलंही चालतं. त्याचे दोष दोन आहेत. त्यातून वारा आरपार जातो, आणि कुसळं, गोखरू जे दिसेल ते त्याला चिकटतं. म्हणून फार झिपरं घेऊ नका, आखूड लव असलेलं घ्या. आणखी एक: हे प्लास्टिकच आहे, ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं. शेकोटीजवळ जाताना ते काढून ठेवा.

लोकर मला मनापासून आवडते. आल्प्सच्या डोंगरांत शिकारी पिढ्यान्‌पिढ्या जे लोडन वापरत आले, ते म्हणजे पाण्यात मळून, आटवून घट्ट केलेली लोकर. तिच्यात वारा सहज शिरत नाही आणि आवाज तर जवळपास नसतोच. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओल शोषून घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. नवीन लोकरी कपडा महाग असतो हे खरं. पण सैन्याचा जुना माल विकणाऱ्यांकडे किंवा वापरलेल्या कपड्यांच्या दुकानात जाड लोकरी पँट, स्वेटर, कोट मिळून जातात. कोपराला विरलेला स्वेटर असला तरी घ्या, आतून ठिगळ लावा. जनावर ठिगळ बघत नाही.

कोरड्या, उबदार हवेत अनेकदा धुतलेला सुती फ्लॅनेलचा शर्ट उत्तम. जुना जितका, तितका मऊ. पण सुती कापड भिजलं की ऊब सोडतं आणि तासन्‌तास वाळत नाही, म्हणून थंडीत किंवा पावसात त्याच्या भरवशावर बसू नका. कॉर्डुरॉय हाताला मऊ लागते म्हणून बरेच जण फसतात. चालताना तिच्या उभ्या पट्ट्या मांड्यांमध्ये एकमेकींवर घासतात आणि प्रत्येक पावलाला झुप-झुप आवाज येतो. जीन्स नवी असताना करकरते, शिवाय तिच्या रंगाची अडचण आहे, ती पुढे सांगतो.

तुमचे सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी युक्ती ही: आवाज करणारा कपडा फेकू नका, तो आत घाला. तुमच्याकडचं सळसळणारं विंडचीटर फ्लीसच्या किंवा लोकरी स्वेटरच्या आत घातलंत तर वारा अडतो आणि घासायला बाहेर फक्त लव उरते. बाहेरचा कपडा एक माप मोठा घ्या म्हणजे आतला थर ताणला जाणार नाही. नवं काही घेण्याआधी हे करून बघा. मग पैसे घालायचेच असतील तर आधी पँटवर घाला. बसल्या जागी हात आवरता येतो, पण चालताना पाय आवरत नाहीत.

कापड झालं की छोट्या वस्तूंकडे वळा, कारण एवढं करून शेवटी घात तिथेच होतो. चेनच्या टोकाची धातूची पट्टी काढून तिथे दोरीचा तुकडा बांधा. टिचबटणांऐवजी साधी बटणं लावून घ्या. वेल्क्रो असलेला खिसा जंगलात उघडायचाच नाही. शक्य असेल तर तो उसवा आणि बटण लावा. जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस अभियंत्याला वेल्क्रोची कल्पना १९४१ मध्ये सुचली, ती शिकारीहून परतताना कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली कुसळं पाहून. वस्तू कामाची आहे, पण शांत जागी तिच्याइतका कर्कश आवाज दुसरा नाही. किल्ल्या, सुटे पैसे, प्लास्टिकची पिशवी, चुरचुरणाऱ्या वेष्टनातला खाऊ हे सगळं बॅगेत तळाला कापडात गुंडाळून ठेवा. कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कड्यांना कापडी चिकटपट्टी गुंडाळा.

बुटांवर फार बोलत नाही. मऊ रबराचा, वाकणारा तळ हवा. कोरड्या पाचोळ्यातली शेवटची काही पावलं मी बुटांवरून जुने जाड लोकरी मोजे चढवून टाकतो.

रंगाचं सांगायचं राहिलं. पानापानांच्या छापाच्या कपड्यांसाठी जास्त पैसे देऊ नका. काही देशांत लष्करी छापाचे कपडे सामान्य नागरिकानं घालण्यावर बंदीही आहे. मातकट, करडा, शेवाळी असा साधा रंग पुरतो. हरणांना तांबडा-नारिंगी आणि हिरवा यातला फरक नीट कळत नाही, निळा मात्र चांगला दिसतो, म्हणून जीन्स नको. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून बऱ्याच साबण-पावडरींत चमक आणणारं द्रव्य घातलेलं असतं. ते अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं, म्हणजे नेमका हरणाला दिसणारा. तसलं द्रव्य आणि सुगंध नसलेल्या साबणानं धुवा. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावणही टाळा; त्याचा वास जंगलात दूरवर जातो आणि लवेवर त्याचा थर बसतो.

पावसात मात्र एवढा जीव काढू नका. पानांवर पडणाऱ्या थेंबांच्या आवाजात बाहीची सळसळ बुडून जाते, तेव्हा कोरडं राहणं जास्त महत्त्वाचं. पाऊस थांबला, की रेनकोट लगेच हळूच उतरवा आणि बॅगेत भरा. थांबलेल्या पावसानंतरची शांतता फार खोल असते, आणि प्राणी नेमके तेव्हाच बाहेर पडतात.

आणि तुम्ही जाता त्या जंगलात कायदेशीर शिकारीचा हंगाम असेल, तर भडक नारिंगी जॅकेट घातल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. बंदूकधारी माणसाला तुम्ही दिसायलाच हवेत. हरणाला तो रंग मळकटच वाटतो, त्यामुळे तुमचं काही बिघडत नाही. फक्त ते प्लास्टिकचं चुरचुरणारं घेऊ नका. नारिंगी फ्लीसचं बिनबाह्यांचं जॅकेट मिळतं, ते सगळ्यात वरून घाला.