ऊर्डफ्योरर व्हायचंय म्हणतेस

प्रिय मुली,

तुझा निरोप रात्रपाळी संपवून घरी येताना बसमध्ये वाचला. "काकू, मला 2027 ला कोमूनच्या निवडणुकीत उभं राहायचंय आणि एक दिवस ऊर्डफ्योरर व्हायचंय." इथल्या नॉर्वेतल्या नगरपालिकेची, म्हणजे कोमूनची, निवडणूक आणि तिचं महापौरपद, एका दमात दोन्ही! हसू आलं, पण ते तुझं नव्हे, माझं मलाच. इथल्या सभागृहात मी दोन टर्म काढल्या, आणि पहिल्या वर्षी माझीही नजर ऊर्डफ्योररच्या गळ्यातल्या मानाच्या साखळीवरच होती. 17 मेला, इथल्या राष्ट्रीय दिनी, ती साखळी घालून पोरांच्या मिरवणुकीपुढे उभा राहिलेला माणूस बघितला की कुणालाही वाटतं, गावाचा राजा तो हाच.

तसं काही नसतं गं. ऊर्डफ्योरर म्हटलं की तुझ्या बाबांच्या डोळ्यांपुढे आपल्याकडचे नगराध्यक्ष येणार. फ्लेक्स, हारतुरे, मागे चार गाड्या. इथे लोक सभागृह निवडतात आणि सभागृह आपल्यातलाच एक जण त्या खुर्चीवर बसवतं. तो सभा चालवतो, कोमूनच्या वतीने सह्या करतो, आणि मतं समसमान पडली तर त्याचं मत निर्णायक ठरतं. पण कर्मचारी त्याच्या हाताखाली नसतात. ते असतात कोमूनच्या संचालकाखाली, आणि तो नेमलेला असतो, निवडलेला नव्हे. त्यामुळे बर्फ काढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला फोन करून "आधी आमची गल्ली" असं म्हणायची सोय नाही. शाळा, बालवाड्या, वृद्धाश्रम, पाणी, सांडपाणी हे सगळं कोमूनकडे. हॉस्पिटलं मात्र सरकारकडे आणि दहावीनंतरच्या शाळा फिल्केकडे, म्हणजे जिल्ह्याकडे. प्रचारात हॉस्पिटलचं आश्वासन देणारे उमेदवार मी पाहिलेत. त्यांना मत देऊ नकोस आणि तसं बोलूही नकोस.

एक गोष्ट सांगते. हौगेसुंडच्या पश्चिमेला समुद्रात उत्सिरा नावाचं बेट आहे. वस्ती जेमतेम दोनशे, देशातलं सगळ्यात छोटं कोमून. 1925 च्या निवडणुकीत तिथल्या बारा जागांपैकी अकरांवर बायका निवडून आल्या. निवडून आलेल्याने काम करायचंच, नको म्हणायची सोय नाही, असा तेव्हा कायदा. ऊर्डफ्योरर झाली ओसा हेल्गेसन. देशातली पहिली बाई या पदावर, आणि पदाआधी काय? सुईण. तिच्याआधी खुर्चीवर तिचेच यजमान होते, तेव्हा घरातली चर्चा कशी रंगली असेल याचा मी अधूनमधून विचार करते. 1928 पर्यंत तिने काम केलं, नंतर कारभार पुन्हा पुरुषांकडे गेला. लोक "पहिली महिला" एवढंच लक्षात ठेवतात. मला आठवते ती सुईण. बेटावरची किती घरं तिने आतून पाहिली असतील! बाळंतपणाच्या खोलीत कुणी भाषण ऐकत नाही, कोण वेळेला आलं एवढंच बघतात.

तू तरुण आहेस, तेव्हा कामझी गुणरत्नमचंही उदाहरण घे. जन्म श्रीलंकेतल्या जाफन्याचा, तिसऱ्या वर्षी नॉर्वेत आली, 2007 मध्ये एकोणिसाव्या वर्षी ऑस्लोच्या सभागृहात निवडून गेली. उपमहापौर झाली 2015 मध्ये. 2011 ला उतोया बेटावर तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरावर गोळीबार झाला, तेव्हा ती तिथे होती, त्यातून वाचली. 2007 ते 2015 या मधल्या आठ वर्षांतल्या बाकीच्या बैठकांबद्दल कुणी बातमी करत नाही, आणि मी तुला जे सांगतेय ते नेमकं त्याच बैठकांबद्दल.

आता रोखठोक. तुझा भारतीय पासपोर्ट आड येत नाही. निवडणुकीआधी सलग तीन वर्षं इथे नोंदणीत राहत असलीस की मत देता येतं आणि उभंही राहता येतं. पक्षाने यादीत चौदावी ठेवली तर रुसू नकोस. यादीत वरची काही नावं ठळक छापतात, त्यांना पक्षाला मिळालेल्या मतांच्या पंचवीस टक्के वाढीव मतं मिळतात. तुझ्यासारखीने ती दरी स्वतःच भरून काढायची. मतदार आवडत्या नावापुढे फुली मारतो, दुसऱ्या पक्षाच्या यादीतल्या माणसालाही आपलं मत देऊ शकतो. म्हणून दुग्नादला, गावाने मिळून फुकट करायच्या कामाला, जा. म्हणजे मैदान झाडायला, वाफल भाजायला, रंगाचा डबा धरायला. तिथे जो दिसतो तो मतपत्रिकेवर ओळखीचा वाटतो.

एक चूक माझ्याकडून झाली. मी तांत्रिक समितीवर असताना धाकट्या दिरांच्या गॅरेजचा अर्ज आला. मी मुकाट बसून राहिले, मतही दिलं. वाटलं, सगळ्यांना नातं माहीतच आहे. विरोधी बाकावरच्या एका आजोबांनी पुढच्या बैठकीत सौम्यपणे विचारलं, "या प्रकरणात तुम्ही खोलीत होतात?" नवऱ्याचा भाऊ म्हणजे कायद्याने नातलग, मी इनहाबिल, म्हणजे त्या विषयात निर्णय घ्यायला अपात्र, उठून बाहेर जायला हवं होतं. निर्णय नव्याने घ्यावा लागला, दिरांना दोन महिने थांबावं लागलं, आणि ते अजून मला त्यावरून डिवचतात. अजेंडा हातात पडला की आधी नावं वाच, मग विषय.

दुसरी गोष्ट चूक होती की नाही, ते मला आजही कळत नाही. डिसेंबरातल्या बजेटात एक छोटी शाळा बंद करायच्या बाजूने मी हात वर केला. आकडे माझ्या बाजूने होते. आठवड्याने दुकानात दुधाच्या फ्रीजपुढे त्या शाळेतल्या एका मुलाची आई भेटली. ती काही बोलली नाही, माझ्या हातातल्या दुधाच्या खोक्याकडे बघत राहिली. मीच "गॉड दाग", म्हणजे नमस्कार, म्हणून निघून आले. छोट्या गावात मतदार कार्यालयात येत नाहीत, ते दूध घेताना भेटतात.

अर्ज भरायच्या आधी एकदा ये. पुढच्या महिन्यातल्या गुरुवारी सभा आहे. सभा सगळ्यांसाठी उघडी असते, मागच्या बाकांवर बसता येतं. कागदपत्रं कोमूनच्या साइटवर आधी टाकतात, त्यातला एकच विषय निवडून वाचून ये, शक्यतो सांडपाण्याचा. मग कोण वाचून आलंय आणि कोण नाही, ते तूच मला सांग. स्वेटर आण, हीटर नेहमी उशिरा लावतात. आणि डब्यात पोहे घे, कँटीन चारला बंद होतं, सभा नऊपर्यंत चालते.

तुझी,
काकू