आई आठवते, पण आजारीच

"मॅडम, डोळे मिटले की ऑक्सिजनचा मास्कच दिसतो. माझी आई अशी नव्हती हो."

चाळिशीची ती बाई एवढं बोलली आणि मांडीवरच्या कोऱ्या वहीकडे बघत राहिली. आई जाऊन दहा महिने झाले होते. भाऊ म्हणाला होता, आईवर तू काहीतरी लिही. पण ओळच सुचेना. खरी आई आपण विसरून गेलो, या भीतीनं ती माझ्याकडे आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

जवळच्या माणसाचं आजारपण काढलेले कितीतरी जण मला हेच सांगतात. हे विसरणं नव्हे. भीतीच्या वेळी शरीरात अॅड्रेनलिन वाढतं, मेंदूतला अमिग्डाला हा धोका ओळखणारा भाग सावध होतो आणि तो प्रसंग खोल कोरला जातो. शेवटचे तीन आठवडे तिनं तशाच भीतीत काढले होते. आधीची वर्षं त्याखाली दबली होती, पुसली गेली नव्हती.

"आई कशी होती?" असं मी विचारत नाही. उत्तरात विशेषणंच येतात: धाडसी, कलावंत, हरहुन्नरी. मी विचारलं, "त्यांच्या हातात काय असायचं?"

"दाभण," ती पटकन म्हणाली. आई डोंगरात एकटी भटकायची आणि त्यासाठीचा तंबू, पाठीवरची पिशवी स्वतःच शिवायची. उरलेल्या कापडातून मुलांची दप्तरं. "सगळ्यांची दप्तरं दुकानातली, माझंच तंबूचं. मी ते बाकाखाली लपवायचे." इथे ती हसली, आणि लगेच तिचा आवाज बदलला. "परीक्षा तोंडावर आलेली, मला ताप, आणि ही डोंगरात. अकरा दिवस. फार राग आला होता मला तिचा. पण हे लिहायचं नसतं ना?"

का नसतं? माणूस गेल्यावर त्याच्यावरचा राग आपल्याला पाप वाटायला लागतो. तो दाबला की त्याला चिकटलेलं बाकीचंही दबतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. म्हणून मी तिला त्या रागातच थोडं थांबायला सांगितलं. परत आल्यावर आईनं काय केलं?

बराच वेळ गेला. मग तिनं स्वतःच्या गुडघ्यावर दोन बोटं ठेवली. चिखलाचे बूटही न काढता आई पलंगावर बसली होती. पांघरुणाखालचा लेकीचा गुडघा म्हणजे शिखर, आणि आईची दोन बोटं त्यावर चढणारी. मध्येच बोटं थांबायची. "म्हणायची, आता इथे श्वास घे." तेवढं सांगून ती रडली. त्या दिवशी आम्ही पुढे काही बोललो नाही.

दुःखाचे 'पाच टप्पे' (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) वाचून आपण कुठेतरी अडकलोय, असंही तिला वाटत होतं. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले ते मृत्यूच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी क्रमानं चढायची ती शिडी नव्हे. मला मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक स्खुट यांची १९९९ मधली मांडणी जास्त पटते: माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांत येरझाऱ्या घालतो. ती तेच करत होती. कामावर जात होती, झोपत होती. सहा महिने उलटूनही रोजची ओढ तितकीच तीव्र असेल आणि जगणंच ठप्प झालं असेल, किंवा ते दृश्य आपोआप डोळ्यांपुढे येऊन अंग थरथरत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटायलाच हवं.

मी तिला एकच काम दिलं. आईबरोबर डोंगरात गेलेल्यांना एकेक प्रसंग विचारायचा, तोही आपल्याला माहीत नसलेला.

महिन्याभरानं ती आली तेव्हा चार पानं भरली होती. सुरुवात दप्तरापासून. मास्कही होता, तिसऱ्या पानावर, दोन ओळींत. पुढे पुन्हा डोंगर. तापाचा प्रसंग वाचून भाऊ म्हणाला होता, एवढं काढून टाक. तिनं तो ठेवला.