वाचकांचे प्रश्न : निबांचे आणि स्क्रूंचे बर्मिंगहॅम

गेल्या अंकात आम्ही मँचेस्टरच्या कापडगिरण्यांविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांतील बरीच पत्रे मात्र बर्मिंगहॅमविषयी विचारणारी आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या वर्षांत, आपल्याकडच्या कचेऱ्यांत, शाळांत आणि घरांत या शहरातला बारीकसारीक माल येऊन पोहोचला होता, त्यामुळे ही उत्सुकता स्वाभाविकच आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमचे पणजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते. त्यांच्या जुन्या पेटीत पत्र्याची एक डबी सापडली असून तिच्यात टाकाच्या साठ-सत्तर निबा आहेत. भिंगातून पाहिल्यावर निबेवर ‘जोसेफ गिलॉट’ हे नाव आणि ३०३ हा आकडा दिसतो. हा गिलॉट कोण होता आणि एवढीशी वस्तू बनत तरी कशी होती? (एक वाचक, वाई)

उत्तर : जोसेफ गिलॉट मूळचा शेफील्डचा. तो १७९९ मध्ये तेथे जन्मला आणि १८२१ च्या सुमारास पोटापाण्यासाठी बर्मिंगहॅमला आला. आरंभी तो पोलादाची बकले आणि तत्सम वस्तू करीत असे. ज्या मरिया मिचेलशी त्याचे लग्न ठरले होते, तिचे भाऊ जॉन आणि विल्यम हे पोलादी निबा करण्याच्या खटपटीत होते. त्या काळी लिहायला हंसाचे पीस वापरीत आणि ते चाकूने पुन्हा पुन्हा तासावे लागे. हाताने घडवलेल्या पोलादी निबा मिळत असत, पण त्या महाग होत्या आणि इतक्या ताठ की कागद खरवडून काढीत. गिलॉटने दोन गोष्टी केल्या. बटणे आणि बकले करणाऱ्यांचा हाताने फिरवायचा प्रेस त्याने निबांच्या कामाला लावला आणि १८३१ मध्ये निबेच्या टोकाजवळ बाजूंनाही चिरा देण्याच्या रचनेचे पेटंट घेतले. या बाजूच्या चिरांमुळे पोलादाला पिसासारखी लवचिकता आली. लग्नाच्या दिवशी सकाळी त्याने एकट्याने एक ग्रोस, म्हणजे १४४, निबा करून विकल्या आणि प्रत्येकीचा एक शिलिंग या दराने सात पौंड चार शिलिंग मिळवले, अशी एक कथा त्याच्याविषयी सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, त्या वेळी एका निबेला किती मोल होते ते तिच्यातून कळते. शतक संपत आले तेव्हा अख्खा ग्रोस काही पेन्सांना मिळू लागला होता.

आता आपल्याकडची एक निब तळहातावर घ्या, म्हणजे ती कशी घडली ते तिच्यावरच वाचता येईल. शेफील्डहून आलेला पोलादाचा पत्रा आम्लात धुऊन, लाटून लाटून कागदासारखा पातळ करीत. त्या पट्टीतून प्रेसखाली निबेच्या आकाराचे चपटे तुकडे पाडले जात. मग त्यावर नाव उमटवीत आणि त्यानंतर मधले छिद्र पाडीत. शाई धरून ठेवण्यास या छिद्राची मदत होतेच, शिवाय चीर जेथे संपते तेथे पोलाद पुढे फाटत जाऊ नये याचीही काळजी ते घेते. यानंतर तुकडे भट्टीत तापवून मऊ करीत आणि दुसऱ्या प्रेसखाली त्यांना पन्हळीसारखा गोल बाक देत. मग ते लाल होईपर्यंत तापवून तेलात टाकीत. आपले लोहार ज्याला पाणी देणे म्हणतात तेच हे काम, फक्त येथे पाण्याऐवजी तेल. अशी कडक झालेली निब काचेसारखी मोडते, म्हणून कॉफीचे दाणे भाजावेत तशा त्या निबा विस्तवावर फिरत्या पिंपात पुन्हा बेताने तापवून त्यांचा ठिसूळपणा घालवीत. टोकाच्या मागच्या भागावर भिंगातून पाहिले तर उभे-आडवे बारीक ओरखडे दिसतील. एमरी ही घासण्याची खरखरीत पूड लावलेल्या चाकावर निब क्षणभर टेकवून ते मुद्दाम काढलेले असतात, म्हणजे शाई एकदम ओघळत नाही. मधली चीर सर्वांत शेवटी पाडीत आणि हे काम सर्वांत नाजूक, कारण चीर केसभर सरकली की एक टोक रुंद, एक अरुंद होई आणि सगळी मेहनत वाया जाई. त्यानंतर निबेला रंग चढवायचा, वरून व्हार्निश द्यायचे आणि एकेक निब नजरेखालून घालून निवडायची.

यांतली प्रेसची बहुतेक सगळी कामे स्त्रिया आणि मुली करीत असत, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. डाव्या हाताने पट्टी पुढे सरकवायची, उजव्या हाताने प्रेसचा दांडा ओढायचा, आणि हे दिवसभर हजारो वेळा करायचे. अनेक कारखान्यांत काम करताना बोलण्यावर, गाण्यावर आणि माल वाया घालवण्यावर दंड होता. आपल्या पणजोबांच्या डबीतल्या प्रत्येक निबेवर गिलॉटचे नाव आहे, पण ती चीर नेमकी मध्यभागी पाडणाऱ्या बाईचे नाव कोठेही नोंदलेले नाही. आम्हाला तरी त्या धंद्याची खरी कारागिरी तिच्याच बोटांत दिसते.

माल सातासमुद्रापलीकडे जाण्याचे कारणही सांगतो. बटणांच्या धंद्यामुळे साचे कोरणारे आणि प्रेस बांधणारे कारागीर बर्मिंगहॅममध्ये आधीपासून तयार होते. त्यातच १८४० मध्ये इंग्लंडात एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले, शाळा वाढल्या, पेढ्यांचे आणि सरकारी कचेऱ्यांचे दप्तर वाढले. मागणी आणि हुन्नर एकाच वेळी जुळून आल्यावर जगाच्या निबांचा फार मोठा हिस्सा या एका शहरातून जाऊ लागला. आपल्याकडे बोरूच्या जागी टाक येऊ लागला तो याच लाटेवर.

प्रश्न : आमच्या पाठ्यपुस्तकात औद्योगिक इंग्लंड म्हणजे प्रचंड गिरण्या, एक मालक आणि हजारो कामगार असेच चित्र आहे. बर्मिंगहॅमही तसेच होते का? (इतिहासाचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : तसे नव्हते, आणि हा फरक आपल्या लक्षात आला तर त्या काळाचे बरेचसे कोडे उलगडेल. मुंबईच्या गिरणगावाशी तुलना करायची तर ती मँचेस्टरची करावी. बर्मिंगहॅमला ‘हजार धंद्यांचे शहर’ म्हणत आणि तेथला ठरावीक मालक म्हणजे चार-पाच माणसांना हाताशी घेऊन स्वतः कानस चालवणारा छोटा कारखानदार. भांडवल थोडे, जागा घराच्या मागच्या अंगणात. वाफेचे इंजिन त्याला परवडत नसे, म्हणून ज्याच्याकडे इंजिन असेल तो आपली इमारत खोल्या-खोल्यांनी भाड्याने देई आणि छताखालून फिरणाऱ्या दांड्यावरून पट्ट्याने प्रत्येक खोलीत शक्ती पुरवी. जागेच्या भाड्याबरोबर शक्तीचेही भाडे, असा तो व्यवहार होता.

बंदुकीचेच उदाहरण घ्या. सेंट मेरी चर्चच्या आसपासच्या गल्ल्यांत बंदूक बनत असे, पण एका छपराखाली पूर्ण बंदूक क्वचितच होई. नळी करणारा वेगळा, नळीला आतून भोक पाडणारा वेगळा, चाप घासणारा वेगळा, लाकडी दस्ता बसवणारा आणखी वेगळा. अर्धवट झालेले भाग खांद्यावर टाकून पोरे एका कारखान्यातून दुसऱ्यात पळत असत. व्यापारी फक्त हे सारे एकत्र जुळवून आणी. १८१३ पासून नळी तपासण्यासाठी शहरात अधिकृत परीक्षागृह होते. तेथे नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी उडवून पाहत आणि ती टिकली तरच तिच्यावर शिक्का मारीत. पुढे सरकारने यंत्राने, एकाचा भाग दुसऱ्याला बसेल अशा बंदुका करायला सुरुवात केली, तेव्हा हातावर पोट असलेल्या या धंद्याला धोका दिसू लागला. त्यावर उपाय म्हणून शहरातल्या बंदूकवाल्यांनी एकत्र येऊन १८६१ मध्ये बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स ही कंपनी काढली. तिलाच पुढे जग मोटरसायकलींमुळे बीएसए म्हणून ओळखू लागले.

हॉक्ली भागातल्या सोनारांचेही असेच. तेथल्या कामाच्या टेबलाला अर्धवर्तुळाकार खाचा असत, प्रत्येक खाचेत एक कारागीर आणि त्याच्या मांडीवर टेबलालाच अडकवलेले कातडे. कानशीतून पडणारा सोन्याचा प्रत्येक कण त्या कातड्यात जमा होई, आणि खोलीचा केरसुद्धा गाळायला जाई. आपल्याकडे सोनाराच्या दुकानाबाहेरची माती धुणारे झारेकरी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. १७७३ पासून शहराला सोन्याचांदीचा कस तपासणारे स्वतःचे कसोटीगृह असून त्याची जहाजाच्या नांगराची खूण आजही चांदीवर उमटते.

छोटा मालक म्हणजे स्वतंत्र आणि सुखी माणूस, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. त्याचा माल घेणारा दलाल आठवड्याच्या अखेरीस दर पाडून मागे, आणि मजुरांना शनिवारी पैसे द्यायचे असल्यामुळे त्या छोट्या मालकाला नाही म्हणता येत नसे. मालक आणि मजूर यांच्यातले अंतर मँचेस्टरपेक्षा कमी होते हे खरे, पण त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच होता की दोघेही एकाच दलालाच्या मुठीत होते.

प्रश्न : माझे वडील भांडुपच्या जीकेडब्ल्यू कारखान्यात होते. या कंपनीचे मूळ जोसेफ चेंबरलेन या ब्रिटिश राजकारण्याशी जोडलेले आहे, असे ते सांगत. हे खरे आहे का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : आपल्या वडिलांनी सांगितले ते खरे आहे. लाकडात बसवायचे स्क्रू पूर्वी टोकाशी बोथट असत, त्यामुळे आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू पिळता येत नसे. अमेरिकेत टोकदार स्क्रू आपोआप करणारे यंत्र निघाले. जॉन सटन नेटलफोल्ड याने त्याचे इंग्लंडातले हक्क १८५४ मध्ये घेण्याचे ठरवले, पण पैसा अपुरा होता. त्याच्या मेव्हण्याने, म्हणजे लंडनमधल्या जोडे-व्यापारी चेंबरलेनने, दहा हजार पौंड घातले आणि त्यावर लक्ष ठेवायला आपला अठरा वर्षांचा मुलगा जोसेफ याला बर्मिंगहॅमला धाडले. आटे पाडण्यापासून टोक काढण्यापर्यंतचे सारे काम यंत्रे करीत आणि एका बाईकडे अनेक यंत्रे सोपवता येत. जोसेफने हिशेब आणि विक्री हाती घेतली, प्रतिस्पर्धी कंपन्या एकामागून एक विकत घेतल्या आणि १८७४ मध्ये, वयाच्या चाळिशीपूर्वीच, तो धंद्यातून निवृत्त झाला.

त्याआधीच, १८७३ मध्ये, तो शहराचा महापौर झाला होता आणि १८७६ पर्यंत त्या पदावर राहिला. त्याने १८७५ मध्ये दोन्ही खासगी गॅस कंपन्या आणि पुढच्या वर्षी पाणीपुरवठा नगरपालिकेकडे घेतला. गॅसवर नफा घ्यावा, पण पाण्यावर घेऊ नये, कारण तो आरोग्याचा प्रश्न आहे, ही त्याची भूमिका होती आणि ती आम्हाला आजही मोलाची वाटते. मात्र मध्यवस्तीतल्या गलिच्छ चाळी पाडून कॉर्पोरेशन स्ट्रीट हा रुंद रस्ता काढला गेला, तेव्हा तेथल्या गरिबांना पर्यायी घरे जवळजवळ मिळाली नाहीत, हेही त्याच्या कारकिर्दीत जमेस धरले पाहिजे.

नेटलफोल्ड कंपनी १९०२ मध्ये गेस्ट आणि कीन यांच्यात विलीन होऊन जीकेएन हे नाव तयार झाले. भारतातली गेस्ट कीन विल्यम्स, म्हणजे आपल्या वडिलांची जीकेडब्ल्यू, ही त्याच घराण्याची शाखा.

प्रश्न : अशा कारखानदारांपैकी कोणी शिक्षणासाठी काही केले का? (निवृत्त शिक्षिका, सोलापूर)

उत्तर : जोसाया मेसनचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागेल. १७९५ मध्ये किडरमिन्स्टरला एका गरीब घरात जन्मलेला हा मुलगा लहानपणी रस्त्यावर पाव-केक विकत असे आणि लिहायला स्वतःच शिकला. १८२९ च्या सुमारास त्याने बुल स्ट्रीटवरच्या एका पुस्तकाच्या दुकानात लंडनच्या जेम्स पेरीची पोलादी निब पाहिली, सहा पेन्सांना ती विकत घेतली, रात्रीतून तिच्याहून चांगल्या तीन निबा केल्या आणि त्या पेरीला पाठवून दिल्या. पेरी स्वतः त्याला भेटायला आला. पुढे अनेक वर्षे मेसनच्या निबांवर पेरीचे नाव उमटत राहिले, त्यामुळे एवढा मोठा निब-कारखानदार लोकांना जवळजवळ अनोळखीच राहिला. १८६९ मध्ये त्याने एर्डिंग्टन येथे अनाथाश्रम उघडला आणि १८८० मध्ये विज्ञान महाविद्यालय. त्यातूनच १९०० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठ उभे राहिले. स्वतः शाळेत फारसे न शिकलेल्या माणसाची ही देणगी आहे, म्हणून ती आम्हाला विशेष वाटते.

प्रश्न : जुन्या निबांवर शाई ठरत नाही, थेंब होऊन ओघळते. त्या आजही वापरता येतील का? (सुलेखनाची हौस असलेला वाचक, कोल्हापूर)

उत्तर : गंज चढला नसेल तर वापरता येतील. समुद्रप्रवासात गंज लागू नये म्हणून दिलेले व्हार्निश अजून निबेवर असते आणि त्यावर शाई धरत नाही. पूर्वी मुले नवी निब जिभेने ओली करीत किंवा पेटत्या काडीवर धरीत. काडीचा उपाय टाळावा, कारण निब जरा जास्त वेळ ज्योतीत राहिली की पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि टोके दाबताच फाकून तशीच राहतात. गरम पाण्यात थोडा साबण घालून निब मऊ फडक्याने पुसून घ्यावी आणि लिहून झाल्यावर दर वेळी कोरडी करून ठेवावी.