फ्रॅकिंगवर बंदी घातली तर गावाचं पाणी खरंच वाचतं का? शेतकऱ्याला त्यात काय मिळतं?

वाचतं. फ्रॅकिंग म्हणजे जमिनीखालच्या खडकात पाणी, वाळू आणि रसायनं जोरात दाबून भेगा पाडायच्या आणि गॅस काढायचा. घालावी त्याच्यावर बंदी. फ्रान्सनं 2011 साली कायदा केला, न्यूयॉर्क राज्यानं 2014 मध्ये नको म्हणून ठरवलं. तिथं कुणाची चूल विझली नाही.

आता माझं ऐका. मी कर्नाटकातल्या निपाणीकडचा. आमची आणि चुलत्यांची विहीर सामाईक, आजोबांनी पाडलेली. आठवड्यातले चार वार आमचे, तीन त्यांचे. आठ वर्षांमागं चुलतभावानं विहिरीपासून शंभर पावलांवर बोर मारली. पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहिला होता, पण 300 फुटांपर्यंत नुसती भुकटी उडाली. मग कुणीतरी सांगितलं, बोरला प्रेशर मारून घ्या. म्हणजे काय, तर बोरमध्ये रबरी पॅकर सोडून फुगवायचा आणि त्याच्या खाली जोरात पाणी दाबायचं, की दगडातल्या बुजलेल्या भेगा मोकळ्या होतात. महाराष्ट्रात हातपंपांच्या बोरना सरकारी खातंच हे करतं, त्याला जलभंजन म्हणतात. फ्रॅकिंगचा धाकटा भाऊच म्हणा, फक्त यात वाळू नाही, रसायनं नाहीत.

मी म्हटलं, "दादा, भेग कुणाच्या बाजूला उघडेल ते काय सांगून उघडती?" तो म्हणाला, "तू आपली पुस्तकं वाच."

त्या दिवशी संध्याकाळी विहिरीचं पाणी चहासारखं तांबडं झालं. तिसऱ्या दिवशी निवळलं, पण मार्चमध्ये पाणी पाच पायऱ्या खाली गेलं. वरच्या पायऱ्यांवर शेवाळाची सुकलेली रेघ तेवढी राहिली. दादाच्या बोरला दोन इंच पाणी. त्यानं त्यावर ऊस केला.

हा झाला साध्या पाण्याचा खेळ. तिकडं गॅसच्या एका विहिरीला 60 लाखांपासून 6 कोटी लिटरपर्यंत पाणी लागतं. आमच्याकडं उन्हाळ्यात 12 हजार लिटरचा टँकर आला की बायका भांडी घेऊन धावतात. 1 कोटी 20 लाख लिटर म्हणजे तसले 1000 टँकर. त्यात रसायनं घालून ते जमिनीत दाबायचं आणि वर येणारं खारट, घाण पाणी कुठंतरी जिरवायचं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं 2016 च्या अहवालात मान्य केलं की पिण्याच्या पाण्याला यानं धोका होऊ शकतो. त्यात पाण्याची टंचाई असताना केलेला उपसाही आला आणि धड न बांधलेल्या गॅसच्या विहिरीही.

शेतकऱ्याचा फायदा? अमेरिकेत जमिनीखालचा गॅस बऱ्याचदा जमीनमालकाचा असतो, त्याला रॉयल्टी मिळते. म्हणून तिथं एका भावाच्या घरी पैसा आणि दुसऱ्याच्या नळाला गढूळ पाणी. आपल्याकडं खालचं तेल-वायू सरकारचं, म्हणजे पैसाही नाही. आमच्या भागात तर नोटीससुद्धा कन्नडमध्ये येणार. शेताचा उतारा माझे वडील आजही शेजारच्या पोराकडून वाचून घेतात, तिथं हरकत कसली घेणार?

एक सांगायचं राहिलं. निपाणी-चिकोडीखाली सगळा काळा दगड, तिथं गॅस काढायला कुणी येत नाही, तेव्हा लगेच मोर्चा काढू नका. आणि फ्रॅकिंगच्या भेगा फार खोल असतात. पाणी नासतं ते बहुतेक केसिंग, म्हणजे गॅसच्या विहिरीत बसवलेला पाइप, नाहीतर त्याभोवतीचं सिमेंट कच्चं राहिल्यानं, नाहीतर वर सांडल्यानं. प्रेशर मारल्यावर प्रत्येक विहीर आटते असंही नाही. त्या वर्षी पावसानंही ओढ दिली होती, दादा तेच धरून बसलाय.

पण तुमच्या भाऊबंदांपैकी कुणी प्रेशरची गाडी बोलावली, तर आदल्या दिवशी विहिरीत गाठी मारलेला दोर सोडा, पाणी मोजा, तारीख लिहा आणि दोन्ही घरांच्या सह्या घ्या. मी नव्हतं मोजलं. शेवाळाची रेघ दाखवली की दादा म्हणतो, "शेवाळ काय, कुठंबी उगवतंय."