डॉक्टरकी सोडून शिल्पकार झालेल्यांनी सुरुवातीला पोट कसं भरलं?

तुमची इंटर्नशिप संपत आलीय, ओढ मातीकडे आहे आणि घरचे म्हणतायत ‘एक सीट वाया घालवलीस’. हे शेवटचं वाचलं नसतं तर उत्तर लिहायला बसलोच नसतो.

पहिली गोष्ट, प्रश्नातलं ‘सोडून’ काढून टाका. रॉबर्ट टेट मॅकेन्झी घ्या. कॅनडातल्या आल्माँटचा, जन्म १८६७. बास्केटबॉल काढणारा नायस्मिथ त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. मॅकेन्झी १८९२ साली मॅकगिल विद्यापीठातून डॉक्टर झाला आणि तिथेच शरीररचना म्हणजे अ‍ॅनाटॉमी शिकवायला लागला. पगार तिथला. शिवाय काही काळ जहाजावर डॉक्टर, मग कॅनडाचा गव्हर्नर जनरल लॉर्ड अ‍ॅबरडीनच्या घरचा डॉक्टर, प्रॅक्टिसही चालू. म्हणजे पोट डॉक्टरकीनेच भरलं.

शिल्पकलेचं रीतसर शिक्षण नाही. दम लागलेल्या, थकलेल्या खेळाडूच्या चेहऱ्यावर कुठला स्नायू काय करतो हे दाखवायला त्याने चार मुखवटे केले: जोर, धाप, थकवा आणि पार गळून जाणं. त्या चेहऱ्यांवर पुढे १९०५ साली अ‍ॅनाटॉमीच्या नियतकालिकात त्याचा लेखही आला. धावपटूचं पहिलं गाजलेलं शिल्प १९०२ चं, म्हणजे पस्तिशीत. १९०४ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेला तोही शारीरिक शिक्षणाचा प्राध्यापक म्हणून. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना परत उभं करण्याचं काम केलं आणि युद्धानंतर सैनिकांचीच स्मारकं घडवली. एडिंबरोतलं १९२७ चं स्मारक त्याचंच. यात सीट कुठे वाया गेली ते मला कुणीतरी दाखवावं.

आता माझं. मी पेणचा. मामाचा गणपतीचा कारखाना, त्यामुळे शाडू मळायला मी अक्षरं गिरवण्याआधी शिकलो. ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या विभागातल्या, पोस्टिंगला आमच्या वॉर्डात एक आजोबा होते. कोपराचं लहानपणचं फ्रॅक्चर तसंच जुळलेलं, त्यात कोपरामागून हातात जाणारी अल्नर नर्व्ह गेलेली, म्हणून क्लॉ हँड, म्हणजे पंजासारखी वाकडी बोटं. पुस्तकातल्या चित्रावरून ते काही डोक्यात शिरत नव्हतं. मामाकडून शाडू आणला आणि रात्रपाळीत, वॉर्ड शांत झाला की, ड्युटी रूममध्ये तारेवर हात घडवायला घेतला. तिसऱ्या रात्री कौतुकाने आजोबांना दाखवला. त्यांनी आपला हात शेजारी धरला आणि म्हणाले, “दागतर, चारी बोटं कुठं वाकडी हायेत? ही दोनच हायेत की.”

खरंच की. करंगळी आणि अनामिका. बाकीच्या दोघांचे लंब्रिकल, म्हणजे तळहातातले छोटे स्नायू, मीडियन या दुसऱ्या नर्व्हवर चालतात, हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो! बोटं मोडून परत केली. त्यानंतर मी ती नर्व्ह आयुष्यात विसरलो नाही. माझ्या बॅचचे निम्मे लोक तो हात बघून वाय्‌व्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, गेले.

सकाळच्या राउंडला तो हात सरांच्या नजरेस पडला. ‘हा वॉर्ड आहे, गणपतीचा कारखाना नाही.’ सगळे हसले. बोटं बरोबर आहेत की चूक, हे बघायला ते अर्धा मिनिटही थांबले नाहीत. पेणच्या माणसाला कारखाना म्हणजे शिवी वाटेल, असं त्यांना का वाटलं कोण जाणे. मला राग आला तो त्याचा.

ही गोष्ट घरी सांगितली तर दादा म्हणाला, बरोबरच बोलले सर. दादा इंजिनिअर. सीटच्या खर्चाचा हिशोब वीस वर्षं तोच मांडतो. स्वतः तो आता कंपनीत सुट्ट्यांचे अर्ज मंजूर करतो, पण त्याची सीट वाया गेली असं कुणी म्हणत नाही. मी आजही सकाळी ओपीडी करतो, दुपारनंतर माती. वाया गेलंच असेल तर त्याच्याशी भांडण्यात गेलेलं आयुष्य.

तुम्ही काय करावं? अ‍ॅनाटॉमीत ट्यूटरची जागा मिळत असेल तर घ्या. मृतदेहाशेजारी उभं राहून जे कळतं ते कुठल्याही आर्ट स्कूलमध्ये कळणार नाही. घरच्यांना पटवत बसू नका, पटत नाही.

हां, एक राहिलं. सरकारी सेवेचा बाँड असेल तर आधी तो पूर्ण करा. आणि मॅकेन्झीचा काळ वेगळा होता, डॉक्टरला शिकवता शिकवता फावला वेळ मिळायचा. माझी बायको बँकेत आहे, हेही सांगायला हवं. ती नसती तर मीही दिवसभर ओपीडीतच असतो.

तो हात अजून आहे. सुकताना शाडू तारेवर आकसला आणि करंगळीला तडा गेला. एरवी कपाटात असतो. दादा येणार असला की टीपॉयवर.