आधुनिक कलाचळवळींचा सामान्य माणसाला काही उपयोग झाला का, की ती श्रीमंतांची हौसच?

झाला की, आणि तो पाहायला कलादालनात जायची गरज नाही, बसायची खुर्ची पाहिली तरी पुरे. जर्मनीत वायमारला १९१९ साली वास्तुकार वॉल्टर ग्रोपियसने बाउहाउस ही कला-हस्तकलेची शाळा काढली. चित्रकार आणि कारागीर एकाच छपराखाली. पॉल क्ले, कँडिन्स्की यांच्यासारखी अमूर्त चित्रं काढणारी मंडळी शिकवायला. रंग-आकाराचे प्रयोग कॅनव्हासवर न थांबता दिवे, किटल्या, कापड, छपाईची अक्षरं इथवर पोचले. तिथल्याच मार्सेल ब्रॉयरने १९२५च्या सुमारास पोलादी नळी वाकवून खुर्ची केली: वजनाला हलकी, नक्षी शून्य, नळी सरळ उघडी दिसणारी. आपल्या कचेऱ्यांतल्या, दवाखान्यांतल्या पाइपच्या खुर्च्या त्याच घराण्यातल्या. नाझींच्या दबावामुळे १९३३ साली शाळा बंद पडली. शिक्षक-विद्यार्थी देशोदेशी पांगले आणि विचारही त्यांच्याबरोबर गेला. तिथे शिकवलेल्या मोहोली-नॉजने तर १९३७ साली शिकागोत नवं बाउहाउसच सुरू केलं.

एक मात्र मान्य करायला हवं: ‘सगळ्यांना परवडेल असं’ हे त्यांचं ध्येय त्यांच्या हातून पुरतं साधलं नाही. बऱ्याच वस्तू तेव्हाही महागच पडल्या. ब्रॉयरच्या त्या खुर्चीची अधिकृत आवृत्ती आजही मध्यमवर्गाच्या खिशाबाहेर आहे; लोकांपर्यंत पोचली ती तिची स्वस्त भावंडं.