गोळी घेतली, डाग दिसले; आता?

प्रश्न : मी २२ वर्षांची, कांदिवलीला राहते. कंडोम फाटला, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच मेडिकलमधून इमर्जन्सी गोळी आणून घेतली. पाचव्या दिवशी अंगावरून गेलं. चॉकलेटी रंगाचं, तीन दिवस, पॅडसुद्धा भरलं नाही. मैत्रीण म्हणते, रक्त आलं म्हणजे तू सुटलीस. खरं आहे का?

उत्तर : मैत्रिणीच्या भरवशावर राहू नका. या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं, १.५ मिलिग्रॅम. एवढं हार्मोन एकदम शरीरात जातं आणि ओसरतं, तेव्हा गर्भाशयाचं अस्तर थोडंसं सुटू शकतं. तुम्हाला दिसले ते बहुधा तेच डाग. दिवस राहिलेत की नाही, हे त्या रक्तावरून कळत नाही. अनेक जणींना असे डाग दिसतच नाहीत, म्हणून त्यांची गोळी फुकट गेली असंही नाही.

गोळी काम कसं करते ते समजून घ्या. ती स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, बीज मात्र जेमतेम एक दिवस. बीज यायच्या आत शुक्रजंतू संपले, की धोका टळला. पण बीज आधीच बाहेर पडलं असेल, तर गोळीला करण्यासारखं काही उरत नाही. पाळी २८ दिवसांनी येत असेल तर बीज साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास येतं. म्हणून दहाव्या दिवशी घेतलेली गोळी आणि पंधराव्या दिवशी घेतलेली गोळी यांचा उपयोग सारखा नसतो. ७२ तासांची मुदत पाकिटावर असली तरी जितक्या लवकर घ्याल तितकं बरं, ते यासाठीच. तुम्ही वेळ घालवला नाहीत, हे उत्तम केलंत.

आता कॅलेंडर काढा. संबंध १ तारखेला आले असतील, तर २२ तारखेला लघवीची चाचणी करा. सकाळची पहिली लघवी घ्या आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच कार्ड बघा. दुसरी रेघ फिकट असली तरी ती रेघच धरायची. त्याआधी नेहमीसारखी, नेहमीच्या तारखेला पाळी आली तर मन बरंचसं हलकं होईल. पाळी चार-सहा दिवस पुढेमागे होणंही या गोळीनंतर नेहमीचंच आहे. एका बाजूला ओटीपोटात जोरात दुखलं, चक्कर आली, खांद्यात कळ आली, तर मात्र चाचणीची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला असेल तर जिवाशी गाठ असते, आणि तेव्हाही थोडं रक्त दिसतं.

आणखी एक. गोळी झालेल्या संबंधांपुरती असते, पुढच्यांसाठी नाही. उलट लांबलेलं बीज नंतर कधीही येऊ शकतं. पाळी येईपर्यंत कंडोम वापराच.

प्रश्न : वय ३१, चेंबूर. गोळीनंतर पाळी नऊ दिवस लांबली आहे. केमिस्टने ‘पाळी यायच्या गोळ्या’ पाच दिवसांसाठी दिल्यात. काकू पपई खायला सांगतात.

उत्तर : पाळी सात दिवसांहून जास्त लांबली की आधी चाचणी. त्या गोळ्या आज घेऊ नका. दिवस गेलेले नसतील तर त्या थांबवल्यावर रक्त येईल. गेलेले असतील तर त्यांनी गर्भ पडत नाही, तुमचे हातातले दिवस तेवढे जातात. पपईनेही काही होत नाही. काळजी म्हणून दिलेल्या सल्ल्यांत बायकांचे आठवडेच्या आठवडे जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : गोवंडीहून लिहिते आहे. टीबीचं औषध चालू आहे. ही गोळी चालेल का?

उत्तर : तुम्ही विचारलंत हे फार चांगलं झालं, कारण काउंटरवर हे सहसा कुणी विचारत नाही. टीबीच्या उपचारातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे गोळीतलं हार्मोन यकृतात झपाट्याने मोडतं, त्यामुळे गोळीचा जोर कमी पडतो. फिटच्या काही औषधांचंही तसंच आहे. तुमच्यासाठी खात्रीचा उपाय म्हणजे संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) बसवून घेणं. ती औषधांमुळे निकामी होत नाही आणि पुढे काही वर्षं कामाला येते. सायन, केईएम, नायर, कूपर अशा पालिकेच्या हॉस्पिटलांत कुटुंब नियोजन विभागात विचारा. सरकारी कार्यक्रमात तांबी मोफत आहे. ते जमलंच नाही तर गोळीचा दुप्पट डोस घेतात, पण डॉक्टरांना टीबीची फाइल दाखवूनच. टीबीचं औषध मात्र स्वतःहून बंद करायचं नाही. वजन ७० किलोच्या वर असलेल्यांसाठीही तांबी जास्त भरवशाची.

प्रश्न : मी १९ वर्षांची, परळला कॉलेजात आहे. महिन्यात तीनदा गोळी घ्यावी लागली. पुढे मूल होणार नाही का?

उत्तर : होईल गं. या गोळीने वंध्यत्व येत नाही. पण वारंवार घेतलीस तर पाळीचं वेळापत्रक विस्कटतं आणि मग प्रत्येक डागाची धास्ती. शिवाय रोजच्या गोळीपेक्षा हिचा भरवसा कमी. सरकारी दवाखान्यात ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी आणि ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचं इंजेक्शन मोफत मिळतं. तिथे जाऊन बोल. कंडोम मात्र सोडू नकोस. संसर्गापासून वाचवणारा तोच एक.

प्रश्न : गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली.

उत्तर : दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक गोळी घ्यायची.

प्रश्न : चाचणीत दोन रेघा आल्या. लग्न झालेलं नाही. घरच्यांची सही लागेल का? आणि गोळी घेतली होती, तिने गर्भाला इजा झाली असेल का?

उत्तर : इजा होत नाही, आणि इमर्जन्सी गोळीने गर्भपातही होत नाही. मूल ठेवायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. वय १८ पूर्ण असेल तर सही फक्त तुमची लागते. आईवडिलांची नाही, जोडीदाराची नाही. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचं कारण अविवाहित स्त्रीलाही देता येतं, आणि डॉक्टरांना तुमचं नाव गुप्त ठेवावंच लागतं. नऊ आठवड्यांच्या आत औषधांनी होतं, पण ती औषधं कुणाकडून मागवून घरी घेऊ नका. गर्भ नळीत नाही ना, हे आधी तपासायला हवं. मान्यताप्राप्त केंद्रात या आठवड्यातच जा, सोबत विश्वासातलं एक माणूस न्या, आणि शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून ठेवा. डॉक्टर सगळ्यात आधी तीच विचारतील.